एक रेघ इकडची तिकडे नाही

"मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, पेंटर. म्हणून त्याच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही. एक रेघ इकडची तिकडे नाही."

असं म्हणताना सर पेन्सिल कानामागं खोचायचे आणि चष्मा कपाळावर ढकलायचे. मग तोच चष्मा टेबलावर शोधायचे. आमची ही म्हणायची, "दादा, डोक्यावर बघा." रोजचं होतं ते. सहा वर्षं.

त्यांना सगळे सर म्हणायचे, पण त्यांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. नागपूरकडचे. इथं कॅनडात, ग्वेल्फमध्ये एका कारखान्यात मशीनची ड्रॉइंगं काढली, लग्न केलं नाही, रिटायर झाले. चाळिशीत कधीतरी टोरांटोला म्युझियममध्ये एक कोरीव दगड बघितला आणि तिथंच खिळले. मग दहा वर्षं संध्याकाळच्या वर्गाला बसनं जाऊन इजिप्तची जुनी भाषा शिकले. पिरॅमिडवाल्यांची, चित्रांत लिहितात ती. आपली मराठी मंडळी त्यांना पाठीमागं ममी म्हणायची. तुम्हीही असा एखादा माणूस बघितला असेल, जो आला की लोक हातात प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलाकडं सरकतात.

मी सरकलो नाही, कारण मला सरकायला जागा नव्हती. मी चौथी शिकलेला. सांगलीत दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या फळ्या रंगवल्या. मुलगा इकडं येऊन लांब पल्ल्याचा ट्रक चालवायला लागला, त्याचं लग्न काही टिकलं नाही, मग त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. वरचा मजला भाडेकरूंकडं, आम्ही बेसमेंटमध्ये. मुलगा आठवड्यातले पाच दिवस अमेरिकेच्या रस्त्यावर. मी पावाच्या कारखान्यात पॅकिंगला. इंग्रजी मला येत नाही, हिलाही येत नव्हतं. सर दोन घरं सोडून राहायचे.

एकदा मी आमच्या पत्रपेटीवर घराचा नंबर रंगवला होता. साधा, सावली दिलेला. सर दारातला बर्फ काढता काढता थांबले, फावडं बर्फात रोवलं आणि म्हणाले, "हा हात कोणाचा आहे जी?"

"माझा."

"घुबड काढता येते का?"

असं आमचं जमलं. ते त्या भाषेचं व्याकरण मराठीत लिहीत होते. चित्रं हातानं काढलेली हवी होती त्यांना. कॉम्प्युटरमधली चित्रं म्हणे मेलेली दिसतात. मी म्हणालो, माणसं चार हजार वर्षांपूर्वी मेली, चित्रं कशाला जिवंत पाहिजेत? ते म्हणाले, "म्हणूनच पाहिजे."

मग शनिवार-रविवार दुपारी ते आमच्याकडं यायचे. टेबल एकच. एका टोकाला मी शाई आणि ब्रश घेऊन, मध्ये सर, दुसऱ्या टोकाला ही भाजी निवडत. सर शिकवायचे मला, आणि कळायचं हिला.

पहिल्या दिवशी 'ऐकणे' काढलं. सेजेम. त्यात गाईचा कान असतो आणि शेजारी घुबड. मी कान काढला. सर ओरडले, "अरे बाप्पा, हा म्हशीचा झाला!" मी म्हणालो, नागपूरच्या माणसानं मला गाय आणि म्हैस शिकवू नये. पण त्यांचं बरोबर होतं. पाच कान फाडले, सहावा ठेवला. मग म्हणाले, "आणि हे सेजेम म्हणतो ना आपण, त्यातला ए आपला आहे. त्या लोकांनी स्वर लिहिलेच नाहीत. आपल्याला बोलता यावं म्हणून घातला. हे पहिल्याच पानावर कबूल करायचं."

"कोण विचारणार आहे?" मी म्हणालो.

"कोणी नाही. म्हणूनच."

तो ऐकतो म्हणायचं तर कानाच्या आणि घुबडाच्या मागं शिंगवाला साप लावायचा. ती ऐकते म्हणायचं तर घडी घातलेलं फडकं. क्रियापद तेच, शेपूट बदललं की माणूस बदलला. ही मेथीची काडी मोडत म्हणाली, "पुरुषाला साप आणि बाईला फडकं. शहाणी होती की माणसं." काम पुरं झालं, म्हणजे ऐकून झालं, हे सांगायचं तर क्रियापद आणि साप यांच्यामध्ये पाण्याची लाट घालायची. सर म्हणायचे, त्यांना काल की आज याची फारशी पर्वा नव्हती. झालं की अजून चाललंय, एवढं त्यांना पुरे.

नामाचंही तसंच. भाऊ म्हणजे सेन. बहीण म्हणजे सेनेत. शेवटी तो 'त' आला की बाईमाणूस. आणि तो 'त' काढायचा म्हणजे पावाचा गोळा काढायचा. ही हसून हसून खोकायला लागली. "बाईच्या मागं भाकरी तिथंपण लागलीच का? आणि आमचे हे बघा, जन्मभर पाट्या रंगवल्या आणि इथं येऊन पावच भरतायत." दोन माणसं असली तर त्यांना वेगळं शेपूट, दोनाहून जास्त असली तर वेगळं. आपल्याकडं एक आणि अनेक. त्यांच्याकडं एक, जोडी आणि अनेक. जोडीचं वेगळं खातं ठेवलं होतं त्यांनी.

अंख म्हणजे जगणं. त्याच्यापुढं तेच फडकं लावलं की जगवणं. सर म्हणाले, "बसणे-बसवणे, तसं." ही म्हणाली, "फडक्याशिवाय कोण कुणाला जगवतंय, दादा." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. चौथी शिकलेल्याच्या अडाणी बायकोचं बोलणं त्यांनी लिहून घेतलं म्हणून मला तो माणूस आवडला, हे मी आजही नाकारत नाही.

आणखी एक सांगतो, ते पुढं लागणार आहे. सर उतरवायला कोरीव लेखांचे फोटो आणायचे, त्यात दगड कुठं कुठं फुटलेला असायचा. अक्षर गेलेलं असायचं. मला सहज दिसायचं तिथं काय असणार. मी म्हणायचो, काढून टाकू का? सर माझा हात धरायचे. "नाही. जेवढं गेलं तेवढ्या जागेत तिरप्या रेघा मारा. इथं होतं, गेलं, आम्हाला माहीत नाही. एवढंच सांगायचं." मी कितीतरी पानांवर तसल्या तिरप्या रेघा मारल्या आहेत.

दुसऱ्या वर्षापासून ही त्यांना भाऊबीजेला ओवाळायला लागली. हिला सख्खा भाऊ नव्हता, एक बहीण मिरजेला. सर स्वच्छ झब्बा घालून यायचे, पाटावर मांडी घालता यायची नाही म्हणून खुर्चीवर बसायचे. दर वर्षी ताटात काहीतरी घालायचे. शाल, स्वेटर, एकदा बर्फात घालायचे बूट. ही त्यांना सेनेत म्हणू द्यायची नाही, "माझं नाव काय वाईट आहे का?" म्हणायची, पण ओवाळून घेताना ते म्हणायचेच.

दोन हजार दहाची दिवाळी. त्या शरदात ही बारीक झाली होती. पोट दुखतं म्हणायची. मी दिवसपाळीला, मुलगा कुठं टेनेसीला. सर तिला गाडीतून दवाखान्यात न्यायचे, दुभाष्या म्हणून आत बसायचे. तपासण्या झाल्या. मी विचारलं की म्हणायचे, "रिपोर्ट यायचे आहेत."

भाऊबीजेला मी आत चहा ठेवत होतो. बाहेर आलो तर ओवाळून झालं होतं. निरांजन जळत होतं आणि ताटात काही नव्हतं. ही वाकून हळू काहीतरी बोलत होती आणि सर मान खाली घालून बसले होते. मला बघून ही सरळ झाली.

मी म्हणालो, "काय सर, यंदा ताट कोरं?"

"दिलं," ही म्हणाली. "मला पाहिजे ते दिलं."

मला वाटलं भावाची बाजू राखते आहे. मी दोन दिवस त्यांना चिकटराव म्हणून चिडवलं. ते चिडले नाहीत.

पुढच्या तपासणीला मी हट्टानं रजा काढून गेलो. डॉक्टरीणबाई सडपातळ, वयानं आमच्या मुलाएवढी. खुर्ची ओढून आमच्या समोर बसली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्ये थांबायची, सरांकडं बघायची. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "अशक्तपणा आहे म्हणतात. पोटाला सूज आहे. गोळ्या देतात. आराम पाहिजे."

मी म्हणालो, "ती एवढं लांबलचक बोलली, आणि मराठीत एवढंच?"

"इंग्रजीत पसारा फार असतो, पेंटर."

ही हसली. मला सर्दी झाली होती. बाईनं टिश्यूचं खोकं माझ्यापुढं सरकवलं. मी दोन काढले आणि नाक शिंकरलं. बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, या देशात सर्दीचीसुद्धा केवढी कदर करतात. शेवटी तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी विचारलं. मी सरांकडं बघितलं.

"चला म्हणतात," सर म्हणाले. "झालं."

मी मान डोलावली, थँक्यू म्हणालो आणि उठलो.

त्या थंडीत मी हिला काय काय बोललो ते इथं लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. गोळ्या चालू आहेत तर उठत का नाहीस, म्हणालो. दिवसभर पडून राहतेस, म्हणालो. ताटात टाकलेलं बघून म्हणालो, "सोंग पुरे कर आता." ती म्हणायची, "तुम्ही आधी तुमचं घोरणं बघा." आणि आम्ही भांडायचो, नेहमीसारखं. अशक्तपणावर माणूस भांडतोच.

जानेवारीतला एक रविवार. बाहेर बर्फ, खिडकी अर्धी बुजलेली. मी ब्रश धूत होतो. सर पट्टी धरून ओळी आखत होते. ही पांघरूण घेऊन खुर्चीत. ती म्हणाली, "अहो, यंदा मिरजेला अक्काकडं जाऊन येऊया का? पंधरा दिवस. ह्या थंडीत इथं काय आहे?"

मी म्हणालो, "आत्ता रजा मागितली तर घरी बसवतील. पुढल्या उन्हाळ्यात जाऊ. निवांत."

"बरं," ती म्हणाली.

सरांची रेघ वाकडी गेली. मशीनची ड्रॉइंगं काढलेला माणूस, पट्टी धरून. मी हसलो त्यांना. त्यांनी कागद उलटा केला, दुसरा घेतला आणि पुन्हा आखायला लागले. तिथं बसून, सगळं माहीत असून, माझं "पुढल्या उन्हाळ्यात" ऐकलं आणि बोलले नाहीत.

मार्चच्या मध्यावर ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पडली. दवाखान्यात नेली, ती तिथंच राहिली. तिसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं. एक पंजाबी नर्स होती, उशी सारखी करताना मला म्हणाली, "बाबूजी, आंटीजी ने बड़ी हिम्मत रखी. पाँच महीने से पता हो, फिर भी हँसते रहना, आसान नहीं है."

"क्या पता था?" मी विचारलं. "किसको?"

तिचा हात उशीवर तसाच राहिला. ती बाहेर जाऊन कागद बघून आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तेव्हा मला कळलं, इथं खुर्ची ओढून समोर बसतात ते कशासाठी. मुलगा ट्रक वाटेतच सोडून आला. त्यालाही आईनं अशक्तपणाच सांगितला होता. हिला मी विचारू शकलो नाही. ती होती, पण झोपेत होती. पाच दिवसांनी गेली.

तेरावं झालं आणि मी सरांच्या घरी गेलो. टेबलावर माझी चित्रं रांगेत मांडलेली. कान, घुबडं, साप, फडकी. मी बसलो नाही.

"तुम्ही मला खोटं सांगितलं."

"सांगितलं."

"का?"

"तिनं ओवाळणी मागितली." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "म्हणाली, यंदा शाल नको दादा, शब्द द्या. ह्यांना कळू द्यायचं नाही. कळलं तर हे माझ्याशी गोड बोलायला लागतील. मला ते सोसणार नाही. मला शेवटपर्यंत भांडायला माणूस पाहिजे, असं म्हणाली."

तिचाच शब्द होता, यात मला शंका नाही. तिच्याशिवाय असं कोण बोलेल? पण ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं.

"तिला काय पाहिजे होतं ते तुम्ही ऐकलं. मला काय पाहिजे होतं ते कुणी विचारलं? मी तिला सोंग म्हणालो, सर. मरणाऱ्या बाईला मी सोंग म्हणालो."

"मला माहीत आहे. मी तिथंच होतो."

"चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांची एक रेघ तुम्ही हलवू दिली नाही. कान म्हशीचा झाला तर पाच वेळा फाडलात. आणि मी जिवंत माणूस, तुमच्या शेजारी बसलेला, मला तुमच्याशिवाय कान नव्हते त्या खोलीत. माझ्याच भाषेत मला खोटं सांगितलंत."

ते टेबलावर चष्मा शोधायला लागले. डोक्यावर आहे हे सांगणारं आता कुणी नव्हतं. मी सांगितलं नाही. माझे ब्रश उचलले आणि आलो.

नंतर ते बरेच वेळा आले. दार वाजवायचे, "पेंटर," म्हणून एकदाच हाक मारायचे. मी उघडलं नाही. भाऊबीज आली. सर झब्बा घालून बाहेर पायरीवर थोडा वेळ बसले, असं वरच्या भाडेकरूनं सांगितलं. पुस्तक तसंच राहिलं. मुलगा म्हणायचा, "बाबा, आईनंच सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, तू गाडी चालव.

पहिला बर्फ पडायच्या सुमाराला त्यांनी घर विकलं आणि मॉन्ट्रियलला पुतण्याकडं जायचं ठरवलं. कळलं होतं मला. त्या दिवशी दुपारी दार वाजलं नाही.

आमच्या बेसमेंटची खिडकी जमिनीला लागून. बाहेरचा माणूस दिसत नाही, त्याचे गुडघ्याखालचे पाय दिसतात. त्या भाषेत येण्याजाण्याच्या क्रियापदांच्या शेवटी नुसते दोन चालणारे पाय काढतात, वर माणूस नाही. माणूस परत फिरला तर तेच पाय उलट्या तोंडानं. मी असे शेकडो काढले होते, म्हणून मला बूट बघताक्षणी कळलं कोण आहे. पाय माझ्या खिडकीकडं तोंड करून उभे होते. खिडकीच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. पाय तिथंच होते. मला जिना चढायला किती वेळ लागला असता? बारा पायऱ्या. मी उठलो नाही. मग पाय फिरले.

पाकीट मी बरेच दिवस उघडलं नाही. आत माफी मागितली असेल असं वाटलं होतं. माफी नव्हती. एकच कागद, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. वर लिहिलं होतं, 'डॉक्टर त्या दिवशी जे बोलल्या ते, जसंच्या तसं.' मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचलं.

'आजार पसरला आहे. तो बरा होणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. औषधानं काही आठवडे वाढतील, पण त्रासही वाढेल. तुमच्या पत्नीनं औषध नको म्हटलं आहे आणि मला ते पटतं.'

मग दोन ओळींएवढ्या जागेत तिरप्या रेघा. बाजूला बारीक अक्षरात, 'इथलं मला आठवत नाही.' आपल्या मनचं भरलं नव्हतं. रेघा सगळ्या सरळ, एका अंतरानं.

त्याखाली: 'आणखी साधारण दोन महिने त्या हिंडू-फिरू शकतील. जे करायचं असेल ते आत्ताच करा.'

आणि शेवटची ओळ, जी बाई माझ्या डोळ्यांत बघून बोलली होती ती: 'तुम्हाला काही विचारायचं आहे का?'

होतं. विमानात बसवली तर चालेल का, एवढंच.